कल्हईचा हिशेब

जास्त पैसे मोजून चांगली वस्तू घ्यावी की स्वस्तातली घेऊन काम भागवावे, हा प्रश्न आज आपण मोबाईल किंवा मिक्सर घेताना विचारतो. मराठवाड्यातल्या मुस्लिम घरांत तो पूर्वी तांब्याच्या भांड्यांपाशी यायचा. कळमनुरी 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात होते आणि 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या काळातल्या खात्यापित्या घरातली देग, पातेली, लोटा हे सारे तांब्याचे आणि आतून कल्हई केलेले असे.

तांबे महाग, पण त्याचा खर्च खरेदीवर संपत नाही. चिंच, दही, टोमॅटो उघड्या तांब्याला लागले की अन्न कळकते आणि ते पोटात गेले तर माणूस आजारी पडतो. म्हणून कल्हईवाला भांडे तापवतो, नवसागर टाकून ते स्वच्छ करतो आणि कथील लावून कापसाच्या बोळ्याने आतून फिरवतो. कथील 232 अंशांवर वितळते, तांबे 1085 अंशांवर. त्यामुळे भांड्याला धक्का लागत नाही. पण ही कल्हई झिजते, पुन्हा करावी लागते.

अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘आईन-ए-अकबरी’त शाही मुदपाकखान्याचा नियम नोंदवला आहे. बादशहाच्या तांब्याच्या भांड्यांना महिन्यातून दोनदा कल्हई, शहजाद्यांच्या भांड्यांना एकदा आणि फुटलेली भांडी तांबटाकडे नवी करायला. अकबराकडे पैशाला तोटा नव्हता, तरी नियम वस्तू राखण्याचा होता. वस्तू चांगली आहे म्हणून ती आपोआप टिकते, असे त्या दरबाराने कधी गृहीत धरले नाही.

पुढे हा हिशेब दोन धातूंनी बदलला. 1886 मध्ये अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढण्याची रीत सापडली. 1898 च्या सुमारास मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी त्याची भांडी बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे हीच भांडी ‘जर्मनची’ म्हणून घरोघर गेली. 1913 मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले. काही दशकांनी तेच स्टील होऊन आपल्या मांडणीवर बसले.

आता सोयीसाठी काही आकडे धरून मांडणी करू. पातळ जर्मनचे पातेले 600 रुपयांना घेतले आणि 3 वर्षे चालले, तर वर्षाला 200 रुपये. जाड बुडाचे स्टील 2,000 रुपयांना, 20 वर्षे, वर्षाला 100. तांब्याचे पातेले 6,000 रुपयांना, 30 वर्षांनी मोडीत 3,000 परत. म्हणजे तेही वर्षाला 100. पण कल्हई वर्षातून चारदा, दर वेळी 150 रुपये धरले, तर 600 त्यात मिळवा. तांबे 700 रुपयांवर जाते. म्हणजे रोजच्या स्वयंपाकात स्टीलने तांब्याला हटवले, ते हिशेबाला धरूनच. सर्वांत महाग वस्तू परवडत नाही, आणि सर्वांत स्वस्तही परवडत नाही.

मग गरीब बाई जर्मनचेच का घेते? तिला हिशेब कळत नाही म्हणून नव्हे. तिच्या हातात त्या दिवशी 600 रुपयेच असतात. वर्षाला 100 रुपये वाचवण्यासाठी आधी 1,400 रुपये जास्त मोजावे लागतात, आणि ते उसने आणले तर व्याज ती बचत खाऊन टाकते. काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांना हे दिसत नाही. तिला उपदेशापेक्षा भिशीचा किंवा बचत गटाचा उपयोग जास्त.

तांब्याची देग मात्र या हिशेबात वेगळी बसते, कारण ती एकट्याची नसते. जहांगीर 1613 ते 1616 अजमेरला मुक्कामी होता. त्या काळात त्याने आग्र्याहून मोठी देग करवून आणली, ती ख्वाजासाहेबांच्या दर्ग्याला दिली आणि तीत गोरगरिबांसाठी अन्न शिजवले. देग बादशहाची, पण जेवण सर्वांचे. आपल्या गावोगावच्या जमातींकडे लग्न-वलीम्यासाठी असलेल्या देगा याच चालीच्या. समजा देग 60,000 रुपयांची, 30 वर्षांनी निम्मे परत. वर्षाला खर्च 1,000. वर्षात 40 कार्ये झाली तर एका कार्याला 25 रुपये. कल्हईचे वर्षाला 6,000 धरले तर आणखी 150. एवढ्यात ज्याच्या घरी नवे पातेले घेण्याची ऐपत नाही, त्याच्या मुलीच्या लग्नातली बिर्याणीही तांब्यात शिजते. तांबे स्टीलपेक्षा वीसपटींहून अधिक उष्णता वाहते, त्यामुळे आच एकसारखी पसरते आणि तळ सहजी लागत नाही.

आज अनेक ठिकाणी या जुन्या देगा मोडीत काढून पातळ जर्मनच्या घ्याव्यात, असा विषय निघतो. कल्हईवाला मिळत नाही, हे कारण दिले जाते, आणि ते खोटे नाही. दुरुस्त करणारा माणूसच उरला नाही तर चांगली वस्तूही वाया जाते. पण मग निर्णय घेण्याआधी जमातीने एवढे करावे: देग वर्षात किती वेळा बाहेर पडते ते वहीत पाहावे, हिंगोली-नांदेडकडे कल्हईवाला शोधावा, आणि त्याला वर्षाचे काम ठरवून द्यावे. कामाची खात्री असेल तर तो येईल. वहीत चार-पाचच कार्ये निघाली तर देग खुशाल विकावी.