वेगाचं चलन आलं, पण चूक आपली नसेल तर?

मोबाईलवर मेसेज येतो : अमुक रस्त्यावर वेगमर्यादा ओलांडली, इतका दंड. मग कुणी घाबरून लगेच पैसे भरतं, तर कुणी ‘बघू नंतर’ म्हणून मेसेज बाजूला टाकतं. दोन्हीत नुकसान आपलंच. शाळेत पालक असे मेसेज आम्हाला दाखवायला आणतात. एका टेम्पोचालक भावाचं चलन उघडून पाहिलं, तर फोटोत गाडी दुसऱ्याचीच! नंबरातला ३ हा ८ वाचला गेला होता. भाई मात्र उधारी करून दंड भरायला निघाले होते.

कायदा काय सांगतो?

वेगमर्यादा मोडल्याचा दंड मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ खाली होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटारीसारख्या हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये, तर मध्यम व जड प्रवासी किंवा मालवाहू वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा झाला तर लायसन्स जप्त होऊ शकतं.

कॅमेऱ्याच्या चलनासाठी २०२१ मध्ये नियम १६७अ आला. त्यात पोलिसांवरही बंधनं आहेत : यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यायला हवं, कॅमेऱ्याआधी सूचनाफलक हवा, चलनासोबत नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि ठिकाण हवं.

आधी हे तपासा

१. फोटोतली गाडी आपलीच आहे का? रंग, मॉडेल, नंबराचा प्रत्येक आकडा बघा.
२. त्या वेळी गाडी कुठे होती? फास्टॅगची नोंद, गॅरेजची पावती, सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज हे पुरावे होतात. फुटेज लवकर पुसलं जातं, म्हणून लगेच मागून घ्या.
३. तिथली मर्यादा किती? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मोटारीला ताशी १०० किलोमीटर चालतात, पण घाटात मर्यादा बरीच कमी आहे.
४. गाडी विकली असेल, तर आरटीओत नाव बदललं का? नुसत्या स्टॅम्पपेपरने भागत नाही. नोंदीत आपलं नाव आहे तोवर चलन आपल्यालाच येणार.

‘गाडी भाच्याने नेली होती’ म्हणून चलन रद्द होत नाही. चालवणारा कोण होता हे पोलिसांनी विचारलं, तर सांगणं कलम १३३ नुसार मालकाचं कर्तव्य आहे.

तक्रार कशी करावी?

चूक दिसली तर पैसे भरू नका; दंड भरला की प्रकरण मिटलं असं धरतात. महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. मजकूर थोडका ठेवा : ‘चलन क्रमांक अमुक. फोटोतील वाहन माझे नाही. माझ्या वाहनाचा फोटो व आरसीची प्रत जोडली आहे. चलन रद्द करावे.’ तक्रार क्रमांक जपून ठेवा. आपला नंबर दुसऱ्याच गाडीवर लावलेला दिसला, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रारही द्या.

तिथे दाद लागली नाही तर कोर्टात ‘गुन्हा कबूल नाही’ म्हणता येतं. कोर्टाचं समन्स आलं तर टाळू नका. लोकअदालतीत तडजोड होते; चूक आपली नसेल तर तो रस्ता आपला नव्हे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. हेल्पलाईन १५१०० आहे. गाडी अम्मी किंवा आपाच्या नावावर असेल, तर महिलांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे.

एक खबरदारी : व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चलन’ नावाची एपीके फाईल आली तर उघडू नका. त्यातून बँक खातं रिकामं होतं. चलन नेहमी सरकारी अ‍ॅपवर स्वतः गाडीचा नंबर टाकूनच बघा.

आणि फोटोत गाडी आपलीच असेल, वेगही खरा असेल, तर? मग मुकाट्याने दंड भरावा. खोटा पुरावा उभा करणं कायद्यातही गुन्हा आणि दीनमध्येही. आपला हक्क मागायचा, तर आधी आपलं म्हणणं खरं असायला हवं.