टोपलीत बसून कृष्णापार

आमच्या कुपवाडला एमआयडीसी आहे, नदी नाही. कृष्णा बघायची तर सांगलीला घाटावर जायचं. हिवाळ्यात तिथलं पाणी इतकं संथ असतं की नवख्या माणसालाही कायाक घेऊन उतरावंसं वाटेल. पण सरळ जाईल तर ती कायाक कसली! उजवीकडे वल्हं मारलं की नाक डावीकडे, डावीकडे मारलं की उजवीकडे. मागे एका जलाशयावर मी पहिल्यांदा कायाकमध्ये बसलो, तेव्हा पहिला अर्धा तास गिरक्या घेण्यातच गेला आणि मला डोमिंगो पाएस आठवला. (हो, वीकेंडला मला असलीच माणसं आठवतात.)

हा पोर्तुगीज 1520 च्या सुमारास विजयनगरला आला होता. तुंगभद्रा ओलांडायला तिथे टोपलीसारख्या गोल होड्या होत्या. आतून वेत, बाहेरून चामडं. एकात 15-20 माणसं मावायची आणि वल्हवताना होडी सारखी गोल गोल फिरायची, असं त्याने लिहून ठेवलंय. तुंगभद्रा म्हणजे आपल्या कृष्णेचीच उपनदी. कन्नडमध्ये या होडीला हरिगोलु म्हणतात.

गंमत म्हणजे कायाकही मूळची चामड्याचीच. इन्युइट लोक लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून बसवायचे. त्यांना गुपचूप आणि वेगाने शिकारीला जायचं होतं, म्हणून ती लांब आणि निमुळती. आपल्याकडे माणसं आणि सामान पलीकडच्या काठावर पोचवायचं होतं, उथळ पाण्यातून, खडकांवरून. म्हणून गोल. रिक्वायरमेंट वेगळी, डिझाइन वेगळं!

आता खरी गोष्ट. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या. पावसाळ्यात नद्या भरलेल्या, म्हणजे लढाई बंद. 31 डिसेंबर 1802 ला दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि त्याला पुन्हा गादीवर बसवायला आर्थर वेलस्ली (पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलिंग्टन तो हाच) म्हैसूरहून निघाला. एप्रिल 1803 मध्ये तो मिरजेवरूनच पुण्याला गेला. मिरज म्हणजे कुपवाडच्या अगदी शेजारी.

वेलस्लीचा हिशोब नेमका उलटा होता. नद्या भरल्या की मराठ्यांचं घोडदळ अडकेल. आपल्याकडे होड्या असल्या तर आपण अडकणार नाही. म्हणजे पावसाळा आपल्या फायद्याचा! त्याने तुंगभद्रेपासून कृष्णेपर्यंतच्या नद्यांवर चामडं मढवलेल्या टोपली-होड्या तयार ठेवायचे हुकूम सोडले. त्याची रसद म्हैसूरहून याच वाटेने यायची होती. ऑगस्टमध्ये, भर पावसाळ्यात, अहमदनगरचा किल्ला पडला आणि 23 सप्टेंबरला असईची लढाई झाली. त्या वर्षीचा दसरा अजून यायचा होता.

असई काही फक्त होड्यांनी जिंकली नाही, तोफा-कवायतीचं श्रेय आहेच. पण मला राहून राहून वाटतं ते एवढंच, की होडी इथलीच, वेत इथला, चामडंही इथलं. आपल्या लोकांना ती शेकडो वर्षं माहीत होती. 1803 च्या मोहिमेत तिच्याकडे लष्करी सामान म्हणून बघितलं ते वेलस्लीने.

बाकी हंपीला गेलात तर हरिगोलुत जरूर बसा. चामड्याच्या जागी आता प्लॅस्टिक आणि डांबर आलंय. वल्हवणारा मुद्दाम चार गिरक्याही मारून दाखवतो.