बोंबलाचे बारसे

बोळिंजच्या बाजारात कोळणीला ‘हार्पाडॉन नेहेरियस कसे दिले?’ असं विचारून पाहा. ती आधी तुमच्याकडे पाहील, मग तुमच्याबरोबरच्या माणसाकडे. पण शास्त्राच्या वहीत बोंबलाचं नाव तेच आहे.

‘हार्पे’ म्हणजे ग्रीकांचा कोयता आणि ‘ओडोन’ म्हणजे दात. कोयत्यासारख्या दातांचा! इथवर ठीक. ‘नेहेरियस’चा मात्र पंडित नेहरूंशी काडीचाही संबंध नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८२२ साली गंगेतल्या माशांवर ग्रंथ छापला. त्यात बंगाली नावावरून हे नाव पडलं. झालं! अर्नाळ्याच्या वाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाळणारा आमचा बोंबील कागदोपत्री बंगाली झाला.

आता बदलायची सोय नाही. लिनियसच्या १७५८च्या आवृत्तीपासून प्राण्यांच्या नावांचा हिशेब धरतात; जो आधी रीतसर छापेल, त्याचं नाव खरं. म्हणून तर आपला घरकावळा ‘स्प्लेंडेन्स’, म्हणजे दिमाखदार, आणि दिवसभर भांडणारी साळुंकी ‘ट्रिस्टिस’, म्हणजे दुःखी! साळुंकीला हे नाव १७६६ साली खुद्द लिनियसने दिलं. भारतात त्याने कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

बोंबील कधी येतो, कुठे मिळतो, किती उन्हात वाळतो, हे सगळं कोळणीला हॅमिल्टनच्या आधीपासून ठाऊक होतं. तिनं फक्त ते छापलं नाही. आपल्याकडे बारशाला नाव आत्या ठेवते. बोंबलाची आत्या छापखाना निघाली!