मात्रिझची मिस्सा

होडीतून उतरताना कपडे वर खोचा. वसईच्या खाडीचा चिखल पोटऱ्यांपर्यंत येतो. साल 1675, पोर्तुगीजांचा अंमल, भर उन्हाळा, रविवारची सकाळ. वाळत्या बोंबलांच्या वासातून नाक मुठीत धरून बंदराच्या दरवाजाने आत शिरा. शनिशिंगणापूरच्या बिनकवाडाच्या घरांची सवय असेल तर आधीच सांगितलेलं बरं: या शहराला तट आहे, दरवाजे आहेत आणि दरवाजावर पहारा आहे.

तो उंच मनोरा दिसतोय ना? तेच सेंट जोसेफचं चर्च, शहराची मात्रिझ, म्हणजे मुख्य पॅरिश चर्च. सहलीला गेल्यावर आपण फोटो काढतो ते बिनछपराचे, गवत माजलेले अवशेष विसरा.

अहो, बाजूला सरका, पालखी येतेय! आत पडद्याआड बाई. मागून रेशमी अंगरख्यातला, उन्हाने लालबुंद झालेला साहेब. त्याच्यावर छत्री धरलेला आफ्रिकेतला गुलाम मात्र उन्हातच. दुतर्फा हवेल्यांच्या खिडक्यांना काचा नाहीत, शिंपल्यांची पातळ तावदानं आहेत. त्यांच्याआडून किती डोळे तुम्हाला न्याहाळतायत, कळायचं नाही.

चर्चमध्ये पाऊल टाकलंत की गार वाटतं. क्षणभरच. बाकं शोधू नका, नाहीत. बायका चटया अंथरून जमिनीवर, पुरुष उभे. मेणबत्त्यांची धग, धुपाचा ठसका, घामाने भिजलेलं रेशीम, आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक वास. तो फरशीतून येतो. खाली बघा, तुम्ही थडग्यावर उभे आहात! बडी माणसं इथे चर्चच्या आतच पुरतात. तुमच्या टाचेखाली पेद्रो गाल्वाँव, इथले पूर्वीचे मुख्य पाद्री. 1601 साली यांच्याच कारकिर्दीत हे चर्च नव्याने बांधून काढलं. वारले गोव्यात, 1618 मध्ये. अस्थी मात्र इथे आणल्या. दगडावरच्या अक्षरांतून ते येणाऱ्याजाणाऱ्याकडे एक प्रार्थना मागतात. पोर्तुगीज येत नसेल तर निदान टाच तरी उचला.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये; पाद्र्याची पाठ तुमच्याकडे. फारसं कुणाला कळत नाही, म्हणून कुजबुज जोरात: कुणाचं गलबत आलं, कुणाच्या मुलीचं ठरलं. घंटी किणकिणली की सगळे धपकन गुडघ्यांवर. तुम्हीही टेका, उगीच नजरेत याल.

कंटाळलात? मनोऱ्याचा गोल जिना गाठा. इतका अरुंद की खांदे दगडाला घासतात. अंधारात पायरी पायानेच चाचपायची. वर एकदम वारा, खाडी, होड्यांची शिडं आणि डोक्याशी घंटा. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर वसईहून नेलेली घंटा पाहिली असेल, तर ती ही नव्हे. तिच्यावर 1707 साल आहे, ती ओतायला अजून तीसेक वर्षं आहेत. 1739 मध्ये मराठे वसई घेतील आणि इथल्या चर्चांच्या घंटा देवळोदेवळी जातील. नाशकातल्या नारोशंकराची प्रसिद्ध घंटा त्यांतलीच. पण हे इथे कुणाला सांगत बसू नका. घंटा वाजवणारा दमलाय, दोर तुमच्या हातात देतोय. कानांत बोळे घाला आणि ओढा!