ड्रीशचा प्रश्न

गर्भविज्ञान शिकवायला घेतलं की वर्गात मी पहिलं नाव घेते ते हान्स ड्रीशचं. १८९१ साली त्रिएस्त इथे त्याने सी अर्चिनची नुकतीच दोन पेशींत विभागलेली अंडी समुद्राच्या पाण्यासह काचेच्या बारीक नळीत घातली आणि पाचेक मिनिटं जोरजोरात हलवली. पेशी सुट्या झाल्या. तीनच वर्षांपूर्वी विल्हेल्म रूने बेडकाच्या गर्भातली एक पेशी तापलेल्या सुईने मारली होती, तेव्हा अर्धाच गर्भ वाढला होता. ड्रीशलाही तेच अपेक्षित होतं. संध्याकाळी त्याला अर्धा गोल दिसलाही, उघड्या वाटीसारखा. सकाळी पाहतो तर वाटी मिटून अख्खा गोल झालेला! पुढे त्यातून अळी घडली. लहानखुरी, पण पूर्ण.

अर्ध्याला पूर्ण व्हायचं कसं कळलं? ड्रीशला याचं भौतिक उत्तर सापडेना. अखेर सजीवांत एक अभौतिक शक्ती काम करते असं मानून तो तत्त्वज्ञानाकडे वळला. मला याची फार हळहळ वाटते, कारण प्रश्न त्याने अचूक पकडला होता.

१९०२ मध्ये थिओडोर बोव्हेरीने याच प्राण्याच्या अंड्यांवरून दाखवलं, की गर्भ नीट घडायला गुणसूत्रांचा पूर्ण संच लागतो. पुढे स्वेन हर्स्टाडिउसने गर्भ आडवा कापला. वरचा अर्धा भाग पोकळ चेंडूच राहिला, त्याला आतडं फुटलं नाही. ड्रीशच्या पेशी उभ्या विभागणीतून आल्या होत्या, म्हणून दोघींना वरचा-खालचा दोन्ही ऐवज मिळाला होता. पण मग गुणसूत्रं सगळ्या पेशींत सारखीच असताना आतडं खालीच का?

१९६९ साली रॉय ब्रिटन आणि एरिक डेव्हिडसन यांनी मांडलं, की काही जनुकं इतर जनुकांना चालू-बंद करतात. तेव्हा हाताशी पुरावा तुटपुंजा होता. तो गोळा करण्यासाठी डेव्हिडसनने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा जांभळा सी अर्चिन धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. तोंडाभोवतीच्या मऊ पडद्यातून पोटॅशियम क्लोराइडची सुई द्यायची, मादी बीकरवर उलटी ठेवायची, की वरच्या छिद्रांतून अंड्यांच्या पिवळसर धारा पाण्यात उतरतात. गर्भ पारदर्शक, त्यामुळे आतलं सगळं दिसतं.

एंडो१६ हे आतड्याच्या पेशींत चालू होणारं जनुक. त्याच्या अलीकडच्या सुमारे २,३०० अक्षरांच्या डीएनएत प्रथिनं येऊन चिकटण्याच्या ३०हून अधिक जागा आहेत. यू, बोलुरी आणि डेव्हिडसन यांनी त्या जागा बिघडवून पाहिल्या, ते तुकडे अंड्यांत टोचले आणि जनुक कुठे, किती चालतं ते मोजलं. सुरुवातीला जनुकालगतचा ‘ए’ भाग कारभार पाहतो. नंतर सूत्रं ‘बी’कडे जातात, पण त्याचाही हुकूम ‘ए’मार्फतच पोचतो. बाकी काही भाग हे जनुक नको त्या पेशींत बंद ठेवतात. हे छापून आलं १९९८ मध्ये. २००२ मध्ये ४०हून अधिक जनुकांचं जाळंच मांडलं गेलं.

डेव्हिडसन २०१५ मध्ये गेले. त्यांना नोबेल मिळालं नाही, मिळायला हवं होतं. एम.एस्सी.च्या मुलामुलींनी पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींवर न थांबता १९९८चा तो शोधनिबंध मुळातून वाचावा, आकृत्यांसकट.