समुद्रदेव ब्रह्मपुरीत कसा आला?



आपल्या टाउन हॉलातील म्युझियमच्या संग्रहात काशाची एक लहानशी मूर्ती आहे. ती पोसायडनची, म्हणजे ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची आहे. रोमन लोक त्यालाच नेपच्यून म्हणत. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून ती निघाली. प्राध्यापक कुंदणगार यांनी या टेकाडाकडे विद्वानांचे लक्ष वेधले, आणि १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध खोदकाम केले. मूर्तीबरोबर रोमन घडणीचे काशाचे भांडे, आरसा अशा इतरही वस्तू मिळाल्या. हा सारा सातवाहनांच्या काळचा, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा ऐवज होय.

आमचे शिक्षण बेताचे. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, कंदिलाच्या नव्हे पण चाळीसच्या दिव्याच्या उजेडात वाचले. तेव्हा ही मूर्ती प्रथम पाहिली त्या वेळी कलेचा विचार आमच्या मनात आला नाही. आमच्या मनात आले ते एवढेच, की कोल्हापूरला समुद्र नाही. मग समुद्राचा देव सह्याद्री चढून इथवर आला, तो स्वतःच्या पायांनी तर आला नसेल. त्याला कोणी तरी उचलून आणले. हमालांच्या संघटनेत उभा जन्म गेलेल्या माणसाला हाच प्रश्न सुचणार! आजचे व्याख्यान त्या एका प्रश्नाभोवती आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही सहकाऱ्यांनी भिशी लावून पैसे जमविले आणि एका सहलीबरोबर इजिप्तला गेलो. कैरोचे पिरॅमिड झाले, लुक्सरची देवळे झाली. लुक्सरला आम्ही मुद्दाम नाईलच्या पश्चिम तीरावरचे देर-अल-मदिना पाहून घेतले. राजांची थडगी कोरणारे कारागीर तेथे राहत असत. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीच्या एकोणतिसाव्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास, शिधा वेळेवर मिळेना म्हणून या कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि देवळापाशी जाऊन बसले. जगाच्या लिखित इतिहासातील हा पहिला संप समजला जातो. त्याची हकीगत लिहिलेला पपायरस आज इटलीत तूरिनच्या म्युझियममध्ये आहे. आम्ही त्या घरांच्या पायांपुढे हात जोडले. बरोबरच्या प्रवाशांना त्याचा अर्थ कळला नाही. असो.

सहलीचे शेवटचे तीन दिवस विश्रांतीचे, आणि ते तांबड्या समुद्राच्या काठी हुर्गाडा या गावी. गाव वाळवंटात वसलेले आहे. पाठीशी उघडे बोडके डोंगर, गवताची काडी नाही, आणि पुढ्यात निळ्या-हिरव्या काचेसारखे पाणी. विसाव्या शतकाच्या आरंभी ही कोळ्यांची वस्ती होती. पुढे आसपास खनिज तेल निघाले, आणि १९८० नंतरच्या दशकांत येथे हॉटेलांची रांगच्या रांग उभी राहिली. युरोपातील माणसे येथे उन्हासाठी आणि पाण्यात बुडी मारण्यासाठी येतात. पाठीवर हवेची टाकी बांधावयाची, तोंडात नळी धरावयाची आणि प्रवाळांच्या बागा पाहत पाण्याखाली हिंडावयाचे. आमच्यापैकी दोघांनी बुडी मारली. आम्ही स्वतः गुडघाभर पाण्यात उभे राहून धन्य झालो!

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून दक्षिणेस सुमारे १४० किलोमीटरवरच्या कुसैरला गेलो. वाटाड्या म्हणाला, तेथे पाहण्यासारखे काही नाही. कुसैर हेही समुद्रस्नानाचे आणि बुडीचे गाव. किनाऱ्यालगतच प्रवाळाचा कट्टा असल्यामुळे त्यावरून लाकडी धक्के बांधले आहेत, म्हणजे पोहणाऱ्याला थेट खोल पाणी मिळते. गावात तुर्की अमदानीतील, सोळाव्या शतकातील किल्ला आहे. पण आम्हांला जावयाचे होते ते गावाच्या उत्तरेस आठएक किलोमीटरवर, जुन्या कुसैरला. तेथे मातीचे बुटके उंचवटे आहेत, गाळाने भरलेली खाडी आहे, आणि पायाखाली खापऱ्याच खापऱ्या. शेजारी मोठे हॉटेल, त्याच्या छत्र्या, आणि छत्र्यांखाली पहुडलेली गोरी मंडळी. त्या उंचवट्यांकडे कोणी मान वळवूनही पाहत नव्हते.

मंडळी, हे उंचवटे म्हणजे मायोस होर्मोस. शिकागो विद्यापीठाने १९७८ ते १९८२ आणि साउदॅम्प्टन विद्यापीठाने १९९९ ते २००३ या काळात येथे खोदकाम केले. रोमन साम्राज्याचा हिंदुस्थानशी जो व्यापार चाले, त्याचे हे एक महाद्वार होते. स्ट्राबो हा ग्रीक भूगोलकार इसवी सनाच्या आरंभकाळी लिहितो, की या एका बंदरातून वर्षाला १२० जहाजे हिंदुस्थानला जात. जहाजे साधारण जुलैत निघत, आपल्याच नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर समुद्र ओलांडीत, आणि हिवाळ्यात ईशान्येच्या वाऱ्यावर परत येत. ज्या वाऱ्याची आपला शेतकरी मृगापासून वाट पाहतो, त्याच वाऱ्याची वाट तेथला तांडेलही पाहत असे.

आता कोणी विचारील, की वाळवंटात बंदर कशासाठी? उत्तर सोपे आहे. माल जावयाचा तो नाईल नदीने अलेक्झांड्रियाला आणि तेथून रोमला. नाईलकाठचे कोप्टोस, आजचे किफ्त, आणि हे बंदर यांच्यामध्ये उंटाची सहा-सात दिवसांची वाट. वाटेवर सरकारने चौक्या बांधल्या होत्या आणि विहिरी खणल्या होत्या. इकडून मिरी, सुती कापड, मौल्यवान खडे जात, आणि तिकडून दारू, पोवळी, काशाची भांडी व सोन्याचांदीची नाणी येत. पेरिप्लस नावाच्या पहिल्या शतकातील ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात आपले पैठण आहे, तगर म्हणजे तेर आहे, कल्याण आहे, चौल आहे. पैठण-तेरचा माल बिकट वाटांनी गाड्यांवरून भडोचला उतरतो, असे तो लेखक सांगतो. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार प्लिनीने केली आहे. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके या दुसऱ्या बंदरात बुद्धाची मूर्ती आणि सातवाहनांची नाणी मिळाल्याचे २०२३ साली जाहीर झाले. तेव्हा ब्रह्मपुरीचा पोसायडन हा काही एकटा वाट चुकलेला पाहुणा नव्हे. वाहता रस्ता होता, त्या रस्त्याने तो आला.

हे सारे कोणत्याही चांगल्या पुस्तकात मिळेल. आमचा प्रश्न पुढचा आहे. हा रस्ता वाहता ठेवला कोणी?

कोप्टोस येथे एक शिलालेख सापडला आहे. तो इसवी सन ९० चा, डोमिशियन बादशहाच्या अमदानीतला. वाळवंटाच्या वाटेवर कोणी किती कर द्यावयाचा याचा तो दरफलक आहे. खलाशाला ५ द्राख्मा, कारागिराला ८, उंटाच्या चिठ्ठीला १ ओबोल, जहाजाच्या डोलकाठीला २० द्राख्मा, आणि वेश्याव्यवसायासाठी नेल्या जाणाऱ्या बाईला १०८ द्राख्मा. खलाशाच्या एकवीसपटीहून अधिक! माणूस, उंट, लाकूड आणि बाई यांचे दर एकाच दगडावर, एकाखाली एक कोरलेले आहेत. हे दर वाचताना आम्हांला बाजारपेठेतली पट्टी आठवली. तिच्याविषयी शेवटी बोलू.

त्याच भागात खापरांवर लिहिलेल्या पावत्या मिळाल्या आहेत. निकानोर नावाचा एक उंटांचा ठेकेदार होता. तो आणि त्याचे कुटुंबीय बंदरांवर धान्य-सामान पोहोचवीत, आणि माल पोहोचल्याची पावती खापरावर घेत. दोन हजार वर्षे ठेकेदाराचे नाव टिकले. पण रात्रीच्या थंडीत उंटाची दोरी धरून जे चालले, त्यांना या इतिहासात निकानोरइतकी जागा मिळाली नाही.

याच वाटेवर हम्मामात नावाची दरी आहे. इजिप्तच्या राजांना मूर्तींसाठी लागणारा दगड तेथून जाई. चौथ्या रामसेसने तेथे जी मोहीम पाठविली तिचा लेख खडकावर आहे. आठ हजारांवर माणसे नेली, आणि त्यांतली ९०० मेली, असे लेखच सांगतो. राजाने आकडा तरी लिहून ठेवला, हेच काय ते उपकार!

आणि बुडी मारण्याचे म्हणाल, तर आज पैसे मोजून जी मौज घ्यावयाची, ती त्या काळी शिक्षा होती. तोच पेरिप्लसचा लेखक दक्षिण हिंदुस्थानातील मोत्यांच्या आगराविषयी लिहितो, की तेथे शिक्षा झालेल्या कैद्यांना पाण्यात उतरवून काम करून घेतात. पाठीवर टाकी नाही, तोंडात नळी नाही, छातीत मावेल तेवढा श्वास. रोमच्या बायकांच्या कानांत जी मोती डुलत, त्यांतली किती या कैद्यांनी वर आणली असतील! उलट आमच्या आयाबहिणींच्या गळ्यात जे पोवळे शोभते, ते त्या काळी भूमध्य समुद्रातून काढून याच वाटेने येई. प्लिनी म्हणतो, आमच्याकडे मोत्यांचे जेवढे वेड, तेवढे हिंदुस्थानात पोवळ्यांचे. म्हणजे नटणारे दोन्हीकडे होते, आणि बुडणारेही दोन्हीकडे होते.

या वाटेवर आपली माणसे पुन्हा चालली ती १८०१ साली. फ्रेंचांना इजिप्तमधून हुसकावण्यासाठी इंग्रजांनी जनरल बेअर्डच्या हाताखाली हिंदुस्थानातून फौज पाठविली. तीत मुंबई पलटणीचे शिपाई होते, आणि मुंबई पलटणीची भरती मुख्यतः कोकणातून व आपल्या मुलखातून होत असे. ही फौज कुसैरला उतरली आणि ऐन उन्हाळ्यात वाळवंट तुडवीत नाईलवरच्या केन्याला पोहोचली. पाणी कातडी पखालींतून न्यावे लागे. एवढे करून ती पोहोचली तेव्हा कैरोतील फ्रेंच शरण आलेले होते! इतिहासात बेअर्डचे नाव राहिले. पखाल वाहणारा भिस्ती वाळूत गेला.

१८६९ साली सुवेझचा कालवा झाला आणि कुसैरची रया गेली. विसाव्या शतकात इटालियन कंपनीने तेथे फॉस्फेटच्या खाणी चालविल्या, त्याही पुढे थांबल्या. आता हॉटेले आहेत. आमच्या हॉटेलात खोली झाडणारा तरुण केन्याचा निघाला. वाटाड्याच्या मदतीने त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, बापाची शेती एवढीशी, भाऊ चार. म्हणून डोंगर ओलांडून इकडे आलो. महिन्याकाठी बसने घरी जातो. ज्या वाटेने निकानोरचे उंट गेले, त्याच डोंगरांतून आज चादरी धुणारी, ताटे उचलणारी पोरे बसने ये-जा करतात. आम्ही त्याला विचारले, तुझी युनियन आहे काय? तो हसला आणि दाराकडे पाहू लागला. ते हसणे आम्हांला नवे नव्हते. तीस वर्षांपूर्वी आपल्याच पेठेत ते आम्ही किती तोंडांवर पाहिले आहे!

पण त्या खापऱ्यांच्या ढिगात एक खापर असे निघाले, की ज्यासाठी आम्ही एवढ्या लांब गेलो. ते जुन्या कुसैरलाच मिळाले. त्यावर ग्रीक नव्हे, लॅटिन नव्हे, तर प्राकृत मजकूर आहे, ब्राह्मी अक्षरांत. सातवाहनांच्या दरबाराची आणि लेण्यांतल्या दानलेखांची भाषा प्राकृतच. आपल्या मराठीची ती आजी. मजकूर काय, तर माणसांची नावे आणि तेल, मांस, दारू. ना राजाची स्तुती, ना देवाचे स्तोत्र. साधा सामानाचा हिशेब. त्यांतला एक आहे विण्हुदत, म्हणजे विष्णुदत्त. शिडे, वारा, वाळवंट या सगळ्यांतून तेथे पोहोचलेला आपल्याकडचा एक माणूस, आणि त्याच्या वाट्याचे सामान. दोन हजार वर्षे त्याचे नाव टिकले, याचे कारण कोणी तरी ते खापरावर लिहिले.

आता पट्टीविषयी. आमचे वडील गुळाच्या पेठेत हमाली करीत. ही शाहूपुरी शाहू महाराजांनी १८९५ साली व्यापारपेठ म्हणून वसविली, आणि कोल्हापूरचा गूळ देशभर गेला तो येथून. तीस-तीस किलोचे रवे वडिलांच्या पाठीवरून गेले. शेतकऱ्याला जी विक्रीची पट्टी मिळे, तीत अडत, तोलाई, हमाली असे आकडे असत. वडील गेल्यावर एका पेढीकडे आम्ही त्यांच्या कामाचा दाखला मागितला. दिवाणजींनी वह्या काढून दाखविल्या. वीस वर्षांची हमाली तीत पैशापैशाने होती. हमालाचे नाव मात्र एकाही पानावर नव्हते. दिवाणजी वाईट नव्हते. ते म्हणाले, "नाव लिहायची पद्धतच नाही." त्या दिवशी आम्ही संघटनेत उतरलो.

१९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. लोक म्हणतात, त्याने मजुरी वाढली, भविष्यनिर्वाह निधी आला. ते खरेच आहे. पण आमच्या मते त्याचे पहिले मोठे काम हे, की मंडळाच्या दप्तरी हमालाचे नाव नोंदले जाऊ लागले. अजून ज्यांची नोंद नाही असे कितीतरी आहेत, आणि नोंद टाळणारेही आहेत. म्हणून हे काम संपलेले नाही.

पोसायडन कोल्हापुरात कसा आला, याचे उत्तर आता देता येईल. उंटवाल्याने त्याला नाईलपासून समुद्रापर्यंत आणले, खलाशाने समुद्र ओलांडविला, आणि कोकणातून घाट चढविला तो कोणा बैलाने किंवा कोणा माणसाच्या डोक्यावरच्या चुंबळीने. पुढच्या वेळी मुलाबाळांना घेऊन टाउन हॉलात जाल, तेव्हा देवाला जरूर पाहा. आणि घरी परतल्यावर, तुमच्या दुकानात, कारखान्यात, वखारीत जी माणसे राबतात, त्यांची नावे तुमच्या वहीत आहेत की नाहीत, तेही एकदा पाहा. नसतील तर लिहा. विष्णुदत्तासाठी एक खापर पुरले. आपल्याजवळ तर कागद आहे.