‘इन पर्पेच्युइटी’ : वऱ्हाडच्या करारांतले दोन इंग्रजी शब्द

१/८
‘इंग्रजांनी १८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत खालसा केला’ हे वाक्य आपल्या लेखनात सर्रास आढळते. ते चुकीचे आहे. सातारा १८४८ मध्ये खालसा झाला, नागपूर १८५४ मध्ये. वऱ्हाड प्रांत मात्र कधीच नाही. का, ते दोन इंग्रजी शब्दांतून उलगडते.

२/८
‘इन पर्पेच्युइटी’ म्हणजे कायमचे, मुदतीविना. हे पद मुदत सांगते, मालकी नव्हे. जमीन कायमची दान देता येते, तशी कायमच्या पट्ट्यानेही देता येते. म्हणून सोबतचे क्रियापद आधी पाहावे.

३/८
हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाकडे कंपनीचे देणे थकले होते. डलहौसीला त्याबदली प्रदेश कायमचा हवा होता. निजाम नासिर-उद्-दौला यांनी नेमका ‘कायमचा’ हाच शब्द नाकारला. २१ मे १८५३ च्या तहात तो आला नाही. प्रांत केवळ ‘असाइन’ झाला, म्हणजे खर्चासाठी लावून दिला गेला. सरकारी नावही तेच पडले : ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’.

४/८
लावून दिलेले परत मागता येते. १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले. वऱ्हाड मिळाला नाही. पुढे सालारजंग तो मागत राहिले.

५/८
न मिळण्याचे एक कारण खामगावात दिसते. ही कापसाची मोठी पेठ. १८७० मध्ये जलंब-खामगाव लोहमार्गाचे उद्घाटन खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. कागदोपत्री हे गाव तेव्हाही निजामाच्याच मुलखातले होते.

६/८
५ नोव्हेंबर १९०२. कर्झन व निजाम महबूब अली खान यांच्या करारात गाळलेले शब्द परतले, पण ‘लीज’ला जोडून : वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा. सार्वभौमत्व निजामाचे, ताबा इंग्रजांचा. कापसाचा व्यापार कितीही वाढो, रक्कम ठरलेली.

७/८
१९०३ मध्ये कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या नावातला ‘व’ म्हणूनच अर्थपूर्ण आहे. १९३६ मध्ये निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. हाती काय राहिले, तर नाव.

८/८
तेव्हा लिहिताना १८५३ नंतरचा वऱ्हाड ‘लावून दिलेला’ आणि १९०२ नंतरचा ‘कायम पट्ट्याने दिलेला’ असे लिहावे. ‘खालसा’ म्हटले की निजामाचा नकार पुसला जातो, आणि परत न करता मुलूख राखण्याची इंग्रजांची रीतही.